टॉवेलात गुंडाळलेला एक्सबॉक्स: तापणाऱ्या कन्सोलचे घरगुती इलाज

(पॉडकास्टच्या भागाचं हे संपादित शब्दांकन आहे. पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं बोलल्यासारखंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्यांच्या प्रश्नावरून घेतलाय. त्यांच्या भाच्याने कुणाकडून तरी जुना एक्सबॉक्स ३६० विकत घेतला. चार दिवस मस्त चालला. पाचव्या दिवशी बटणाभोवती तीन लाल दिवे लागले आणि खेळ खल्लास. आता भाचा म्हणतोय, "मामा, इंटरनेटवर उपाय आहे, फक्त दोन टॉवेल द्या." मामांचा प्रश्न एवढाच: टॉवेल द्यावेत का?

देऊ नका. पण नुसतं 'नको' म्हटलं की पोरं ऐकत नाहीत, त्यांना कारण लागतं. आणि इथे कारण सांगणं थोडं अवघड आहे, कारण हा उपाय बऱ्याचदा चालतो! चालत नसता तर कधीच विसरला गेला असता.

आधी थोडी पार्श्वभूमी. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत २२ नोव्हेंबर २००५ ला आला, आपल्याकडे २००६ मध्ये. त्याच्या पॉवर बटणाभोवती चार भागांचं एक वर्तुळ होतं. सगळं ठीक असलं की हिरवं, बिघडलं की लाल. किती भाग लाल होतात त्यावरून रोग कळायचा. चारही लाल म्हणजे टीव्हीची केबल नीट बसलेली नाही. दोन लाल म्हणजे कन्सोल तापलाय, जरा थंड होऊ द्या. आणि तीन लाल म्हणजे आत हार्डवेअरमध्ये बिघाड. या तीन दिव्यांनाच लोकांनी 'रेड रिंग ऑफ डेथ' असं नाव ठेवलं.

इथे एक लक्षात घ्या. तापल्याची खूण दोन दिव्यांची आहे. तीन दिवे लागतात तेव्हा तापण्याने करायचं ते नुकसान आधीच करून झालेलं असतं. आणि लोक नेमके त्याच कन्सोलला आणखी तापवायला निघाले.

प्रकरण किती मोठं होतं बघा. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठीची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. एका खेळण्यासाठी हो! पण प्रत्येकाला ही वॉरंटी उपयोगी पडली नाही. कुणाचं बिल हरवलेलं, कुणी झाकण उघडून सील तोडलेलं, कुणी दुसऱ्या देशातून आणलेला. या लोकांपुढे दोनच वाटा होत्या, नवा घ्या नाहीतर घरी काहीतरी करून बघा.

तर टॉवेलचा उपाय असा. कन्सोल चालू करायचा आणि हवा जायच्या-यायच्या सगळ्या जाळ्या झाकल्या जातील असा टॉवेलात गुंडाळायचा. आतली गरम हवा आतच कोंडते. वीस-पंचवीस मिनिटांनी बंद करायचा, थंड होऊ द्यायचा, परत लावायचा. आणि काय आश्चर्य, हिरवा दिवा! त्यामागची कल्पना अशी होती की चिपखालच्या सोल्डरच्या जोडांना तडे गेलेत, उष्णतेने सोल्डर वितळेल आणि तडे भरून येतील.

ऐकायला पटतं. पण आकडे जुळत नाहीत. त्या काळात युरोपच्या नियमामुळे, जो १ जुलै २००६ पासून लागू झाला, इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं बाहेर जात होतं. जुनं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथील, चांदी आणि तांब्याचं मिश्रण वितळायला साधारण २१७ अंश सेल्सिअस लागतात. टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल तिथवर जाणं शक्यच नाही, त्याच्या खूप आधी तो स्वतःहून बंद पडतो. म्हणजे सोल्डर वितळतच नव्हतं. मग हिरवा दिवा कसा लागायचा?

त्यासाठी चिपच्या आत डोकवावं लागेल. आपण ज्याला चिप म्हणतो तो खरं तर दोन मजली प्रकार असतो. वर सिलिकॉनचा छोटा, काचेसारखा चकचकीत तुकडा. त्याच्याखाली एक हिरवी पट्टी. आणि ती पट्टी मुख्य बोर्डावर बसवलेली. या दोन्ही मजल्यांना जोडणारे सोल्डरचे दाणे असतात. पट्टी आणि बोर्ड यांच्यातले दाणे मोठे, नीट पाहिलं तर डोळ्यांना दिसतील असे. सिलिकॉन आणि पट्टी यांच्यातले मात्र अगदी बारीक, खसखशीहूनही लहान.

आता गंमत अशी की तापल्यावर सिलिकॉन फार थोडं पसरतं आणि खालची पट्टी त्याच्या कित्येक पट जास्त पसरते. दोघांच्या मध्ये अडकलेले ते बारीक दाणे दर वेळी ताणले जातात. खेळ सुरू केला, तापलं, ताण आला. बंद केला, निवलं, ताण उलट दिशेने. तार हाताने मागे-पुढे वाकवत राहिलं की शेवटी तुटते ना, तसंच. म्हणजे नुसत्या तापण्यापेक्षा हे तापणं-निवणं जास्त घातक.

जग बरीच वर्षं बोर्डावरच्या मोठ्या दाण्यांना दोष देत होतं. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः एक्सबॉक्सच्या इतिहासावर माहितीपट काढला, त्यात त्यांच्या माणसांनी सांगितलं की तुटत होते ते चिपच्या आतले जोड, आणि ते तुटत होते याच गरम-थंड होण्याच्या ताणामुळे. त्यात मांडणीही अशी होती की ग्राफिक्स चिपच्या बरोबर वर डीव्हीडी ड्राइव्ह. त्यामुळे त्या चिपवर उष्णता ओढून घेणारा धातूचा पंखेरी ठोकळा, म्हणजे हीटसिंक, बुटका ठेवावा लागला होता.

टॉवेलाने काय व्हायचं? सगळं फुगायचं, आणि तडा गेलेल्या दाण्याची दोन टोकं एकमेकांना पुन्हा टेकायची. टेकायची फक्त, जुळायची नाहीत. कुणाचा कन्सोल दोन तास चालला, कुणाचा दोन आठवडे. दर वेळी तडा थोडा रुंद होत जातो, आणि आजूबाजूचे जे धडधाकट जोड आणि कपॅसिटर असतात त्यांचंही आयुष्य त्या भट्टीत कमी होतं.

असाच घोळ प्लेस्टेशन ३ च्या पिवळ्या दिव्याबाबत झाला. तिथे लोक बोर्ड बाहेर काढून हॉट एअर गन फिरवायचे, मशीन सुरू व्हायचं, आणि सगळे म्हणायचे, बघा, सोल्डर जुळलं. पुढे दुरुस्ती करणाऱ्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच मशीनमध्ये दोष सोल्डरचा नव्हताच. बोर्डावरचे काही चपटे कपॅसिटर अशक्त झाले होते, आणि गरम केल्यावर त्यांच्यात तात्पुरती धुगधुगी यायची. औषध तेच, गुण तोच, रोग मात्र भलताच. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो.

आता धोक्यांबद्दल. टॉवेलचा धोका सरळ आहे. कापसाचं कापड, हवा कोंडलेली, आणि आत दीडशे वॅटच्या आसपास वीज ओढणारं यंत्र. यात एखादी सैल वायर किंवा कुजका कपॅसिटर असला तर काय होईल? आणि हे करणारा बहुधा चौदा वर्षांचा मुलगा असतो, वीस मिनिटं म्हणजे मोबाईलवर एक राउंड खेळून येऊ असं म्हणणारा.

ओव्हनचा प्रकार त्याहून वाईट. काही लोक अख्खा बोर्ड ओव्हनमध्ये भाजतात. आपल्याकडे घरात एकच ओटीजी असतो, त्यातच केक आणि त्यातच नानकटाई. बोर्ड भाजताना फ्लक्स, प्लॅस्टिक आणि आग न लागण्यासाठी घातलेली रसायनं यांची वाफ निघते आणि आतल्या भिंतींवर बसते. शिवाय बोर्डावरचे बरेच कपॅसिटर १०५ अंशांपर्यंतच टिकतील असे बनवलेले असतात. दोनशेच्या पुढे ते फुगतात, कधी फुटतात.

तिसरा प्रकार स्क्रूचा. एक्सबॉक्स ३६० मध्ये हीटसिंक इंग्रजी एक्सच्या आकाराच्या क्लिपने धरलेला असतो. ती काढून नट-बोल्ट आणि वॉशर लावायचे. कल्पना अगदीच मूर्खपणाची नाही, दाब वाढतो हे खरं. पण चारही बोल्ट सारखे आवळले गेले नाहीत तर बोर्ड वाकतो, आणि वॉशर सरकून एखाद्या रेषेला टेकला तर शॉर्ट. बर्फाच्या पिशव्या, फ्रीजर वगैरेंवर मी वेळ घालवत नाही. थंड वस्तू दमट हवेत आणली की तिच्यावर पाणी धरतं, आणि मुंबईच्या जुलैत किती पाणी धरेल हे तुम्हाला सांगायला नको.

विजेबद्दल मात्र थांबून सांगतो. एक्सबॉक्स ३६० चा पॉवर सप्लाय बाहेर, विटेसारख्या डब्यात असतो. तो डबा उघडू नका. प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ मध्ये पॉवर सप्लाय मशीनच्या पोटातच आहे. आपल्या २३० व्होल्टचे आत सरळ प्रवाहात रूपांतर झाल्यावर तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा जास्त साठतात. प्लग काढला तरी ते लगेच उतरत नाहीत. 'वायर काढलीय की, आता काय होतंय' हे वाक्य इथे लागू नाही. आणि प्लेस्टेशन ५ मध्ये चिपवर पेस्टऐवजी द्रव धातू आहे. तो वीज वाहून नेतो आणि ॲल्युमिनियम पोखरतो. बाजूला थेंब सांडला की संपलं. तिथे घरगुती प्रयोग नकोच.

मग घरी काय करावं? कन्सोल टीव्हीच्या शोकेसमधून बाहेर काढा. आपल्याकडे निम्मा त्रास त्या काचेच्या दाराआड आहे. मागे आणि बाजूंना वीतभर जागा सोडा. प्लग काढून जाळ्यांतली धूळ मऊ ब्रशने काढा. फुंकणीने किंवा हवेच्या डब्याने झोत मारणार असाल तर पंख्याची पाती काडीने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरतात आणि पंखा खराब होतो. वॉरंटी संपलेल्या मशीनची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं हे चांगलं काम आहे, हात स्थिर असेल आणि आधी कुणाला करताना पाहिलं असेल तर. पेस्टच्या जागी टूथपेस्ट लावू नका. हो, लावतात. दोन दिवस बरी चालते, मग वाळून खडू होते. एवढं करून मशीन कमी तापेल. तुटलेले जोड मात्र याने सांधले जाणार नाहीत.

आता मामांच्या भाच्याकडे वळू. तीन दिवे लागलेत आणि तो आधी चार दिवस ठणठणीत चालला होता, यावरून मला शंका आहे की विकणाऱ्याने विकण्यापूर्वी त्याला ऊब दिली असावी. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात चिप बदलून देणारे कारागीर मिळू शकतात, पण तिथे जाताना 'गरम करून देणार की चिप बदलणार' हे आधी विचारा. उत्तर 'हीट मारून देतो' असं आलं तर पैसे देऊ नका. आणि जुनाच घ्यायचा असेल तर २००८ च्या शेवटानंतरचा, शक्यतो २०१० मध्ये आलेला बारीक एस मॉडेलचा घ्या. दुकानात दहा मिनिटं चालवून बघण्याला अर्थ नाही. तासभर एखादा जड गेम चालवा, बंद करा, पूर्ण निवू द्या, चहा घेऊन या, आणि मग थंड मशीन परत लावून बघा. ऊब दिलेला कन्सोल रुसायचा असेल तर बहुधा त्या दुसऱ्या वेळेला रुसतो.