बालकाची श्रद्धा आणि ख्रिस्ती धर्मस्वीकार : श्रीपत शेषाद्री प्रकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :
जालना परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १८६० च्या दशकात त्यांनी येथे मिशनकार्य उभारले व जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. त्याच वर्षी त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न उपस्थित झाला : बालक ख्रिस्ताचा खरा अनुयायी होऊ शकतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रकरणाचे स्वरूप :
श्रीपत थोरल्या भावामागोमाग मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तथापि मिशनऱ्यांकडील वास्तव्यामुळे तो जातिबहिष्कृत ठरला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताद्वारे त्याला स्वधर्मात परत घेण्याचा पुरस्कार केला आणि सनातन्यांचा रोष पत्करला.

धर्मशास्त्रीय भूमिका :
ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. रोमन कॅथॉलिक व प्रेसबिटेरियन पंथांत तान्ह्या मुलांचाही बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट पंथ मात्र स्वमुखाने श्रद्धा प्रकट केल्याशिवाय बाप्तिस्मा देत नाही. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रथम कम्युनियनसाठी सुमारे सात वर्षांचे वय विवेकाचे मानले. शुभवर्तमानात तर येशू बालकांना शिष्यांपुढे आदर्श म्हणून उभे करतो. थोडक्यात, विश्वास म्हणजे निःशंक भरवसा असे मानल्यास बालक त्यास अपात्र ठरत नाही.

विधिविषयक भूमिका :
श्रद्धा असणे आणि धर्मांतराचा निर्णय घेणे या मात्र भिन्न बाबी होत. ख्रिस्ती कुटुंबातील मूल श्रद्धेतच वाढते. श्रीपतला मात्र श्रद्धेसाठी आई-वडील व जात सोडावी लागणार होती. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या वा अनुदानित संस्थेत अज्ञान विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षणात सहभागी करून घेण्यासाठी पालकाची संमती आवश्यक आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील अनुच्छेद १४ बालकाचे धर्मस्वातंत्र्य मान्य करतो. त्याचबरोबर बालकाच्या विकसित होत जाणाऱ्या क्षमतेनुसार मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्कही मान्य करतो. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

निष्कर्ष :
बालकाची श्रद्धा खरी असू शकते. परंतु तिची किंमत म्हणून कुटुंब तोडण्याचा भार त्याच्यावर टाकणे न्याय्य नव्हे. श्रीपत प्रकरणात मिशनरी, पिता, न्यायालय व सुधारक या सर्वांनी आपापली बाजू मांडली. वादाच्या केंद्रस्थानी असलेला मुलगा मात्र ताब्याचा व शुद्धीचा विषय होऊन राहिला. बालकाचे ऐकून घेणे आणि त्याच्या निर्णयाची घाई न करणे, ही दोन्ही पथ्ये शिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही धर्माची असो, पाळणे अगत्याचे आहे.