कोसा, शिंगाडा आणि अनामिक कुंचले

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे कापड ज्यांनी अंगावर घेतले आहे, त्यांना त्या वस्त्राची थोरवी सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्या पतंगाच्या सुरवंटाने तो धागा विणला, त्याचे शास्त्रीय नाव ज्या सचित्र वर्णनावर उभे आहे ते वैनगंगेपासून हजारो कोस दूर, लंडनात, १७७३ साली प्रसिद्ध झाले, ही हकीकत भंडाऱ्यातही थोड्यांच्याच कानावर असेल. ते वर्णन प्रसिद्ध करणारा, चांदीच्या जिनसांचा व्यापारी असलेला ड्रू ड्रूरी हा कीटकांचा मोठा संग्राहक, आणि त्याच्या ग्रंथातील चित्रे काढणारा मोझेस हॅरिस हा त्या विद्येतील निष्णात कलावंत. चित्र देखणे खरेच. पण त्यात पंख पसरून टाचलेला पतंग तेवढा दिसतो, त्याचे झाड नाही आणि कोसाही नाही.

ही उणीव वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने १८०४ च्या आपल्या सचित्र निबंधात बऱ्याच अंशी भरून काढली. सुरवंट बोर आणि आसन, म्हणजे आपला ऐन, यांच्या पाल्यावर पोसतो, हे त्यात नमूद आहे. ऐनाच्या फांदीवरचा कोसा जवळून पाहावा: कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, कठीण, वर ताठ देठ, आणि त्या देठाच्या टोकाला फांदीला घट्ट आवळलेले कडे. रॉक्सबर्गने पाहिला तो बंगालचा कोसा. भंडाऱ्याचा नव्हे; इकडे तेव्हा कुंपणी सरकारचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा नव्हे, तर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता.

जंगलात कोसा पाळणारा ढिवर समाजच इकडे मालगुजारी तलावांत शिंगाडा लावतो, आणि या शिंगाड्याचेही चित्र रॉक्सबर्गच्याच 'कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती' या तीनशे चित्रफलकांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात आहे. पाणवनस्पती चित्रित करणे हे मोठे जिकिरीचे काम. पाण्याबाहेर काढताच पाने मलूल होतात, हवेने फुगलेले देठ सुरकुततात, पाण्यात पिसाऱ्यासारखी पसरलेली मुळे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, आणि पांढरे चार पाकळ्यांचे फूल पाण्यावर उमलले तरी दोन काट्यांचे फळ पाण्याखालीच धरते, म्हणून एका कागदावर दोन अवस्था जुळवाव्या लागतात. हे कसब दाखविणारे चित्रकार हिंदी होते. त्यांनी रॉक्सबर्गसाठी अडीच हजारांहून अधिक चित्रे काढली, ग्रंथावर नाव साहेबाचे आले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कुंपणी सरकारच्या दप्तरात कोणी टिपून ठेवण्याची तसदी घेतली नाही. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेसाठी १८४७ ते १८५० या काळात काढलेली सुरेख चित्रे आज एडिनबरोत जतन आहेत. त्यांचा कर्ताही अनामिकच. माझ्या मते हा निव्वळ विसर नव्हे, अन्याय आहे.

तेव्हा भंडाऱ्यातील ज्या शाळेजवळ मालगुजारी तलाव असेल, तेथील चित्रकलेच्या शिक्षकांस एवढीच विनंती, की यंदा शिंगाड्याच्या हंगामात मुलांकडून त्याचे एक चित्र तलावाच्या पाळीवर बसूनच काढून घ्यावे आणि खाली गाव, तलाव, तारीख व काढणाऱ्याचे नाव न चुकता लिहावे.