जयपूरचा वसाहतकालीन बंगला : रचना आणि आकर्षण

'वसाहतकालीन शैलीचे घर' म्हटले की पांढरे खांब आणि उंच छत डोळ्यांसमोर येते. परंतु केवळ खांबांमुळे घर या शैलीचे होत नाही. तिची खरी ओळख जयपूरच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी

जयपूर १७२७ मध्ये वसले. तटाच्या आतील हवेली आपल्या वाड्यासारखी असते : मध्ये चौक, भोवती खोल्या, बाहेरची भिंत रस्त्याला लागून. १८२१ मध्ये तटाबाहेरचा राजमहाल ब्रिटिश रेसिडेंटचे निवासस्थान झाला. पुढे सिव्हिल लाइन्स भागात बंगले उभे राहिले. मुख्य फरक असा : हवेलीत मोकळी जागा घराच्या पोटात असते, तर बंगल्यात घरच मोकळ्या जागेच्या मधोमध असते.

२. वैशिष्ट्ये

- उंच जोते : ओल आणि पावसाचे पाणी दूर राहते.
- जाड भिंती : दगड-चुन्याच्या भिंतीतून दिवसाची उष्णता उशिरा आत पोहोचते.
- उंच छत व व्हेंटिलेटर : गरम हवा वर जाऊन बाहेर पडते.
- खोल व्हरांडा : भिंत सावलीत राहते.
- मोठे आवार : पुढे बाग, मागे नोकरांच्या खोल्या.

३. व्हरांड्याचे गणित

जयपूरचा अक्षांश सुमारे २७° आहे. मध्यान्ही सूर्याची क्षितिजापासूनची उंची अशी :

२१ जून : ९० − २७ + २३.५ = ८६.५°
२२ डिसेंबर : ९० − २७ − २३.५ = ३९.५°

दक्षिणेला २.५ मीटर खोल व ३.५ मीटर उंच व्हरांडा आहे असे समजा. जूनमध्ये ऊन कडेपासून जेमतेम २० सेंमी आत येते. डिसेंबरमध्ये मात्र ते भिंतीवर सुमारे १.४ मीटर उंचीपर्यंत पोहोचते. म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब! पश्चिमेचे उतरते ऊन मात्र व्हरांडा अडवू शकत नाही. त्यासाठी बांबूचे किंवा वाळ्याचे ओले पडदे लावत.

४. आकर्षण

प्रशस्तपणाबरोबर प्रतिष्ठाही होती. कानोताचे अमरसिंह यांनी १९२८ मध्ये बांधलेल्या नारायण निवासात पाश्चात्त्य राहणी आणि राजस्थानी कारागिरी एकत्र दिसते. मात्र हा ऐसपैसपणा स्वस्त जमीन आणि नोकरांच्या श्रमावर उभा होता, हे विसरू नका.

५. आज काय घ्यावे?

आज लहान प्लॉटवर दर्शनी भागाला खांब चिकटवले जातात आणि व्हरांडा काचेने बंद करून खोलीत घेतला जातो. खांब उरतो, सावली जाते आणि विजेचे बिल वाढते. उद्या ग्राहक तुमच्याकडे 'कलोनियल लूक' मागेल, तेव्हा आधी सावलीची खोली मोजा, खांबाची नक्षी नंतर ठरवा.

स्वाध्याय : तुमच्या गावाचा अक्षांश घेऊन वरील दोन्ही कोन काढा. २.५ मीटरचा व्हरांडा तेथे पुरेल का?