शिमल्यातले कारकून आणि पेरूचा समुद्र

एप्रिल उजाडला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : यंदा एल निनो, पावसावर सावट. मला या मथळ्याचा राग येतो, कारण तो अर्धाच खरा असतो. 1997 साली प्रशांत महासागरात त्या शतकातल्या सर्वांत जोरकस एल निनोंपैकी एक उभा ठाकला होता, तरी देशात पाऊस झाला सरासरीच्या 102 टक्के. 2002 चा एल निनो त्यामानाने मध्यम. त्या वर्षी मात्र पावसात 19 टक्के तूट आली, आणि ऐन जुलैत पाऊस निम्म्यावर येऊन दुबार पेरणीची पाळी आली.

हजारो मैलांवरच्या समुद्राचा आपल्या पावसाशी संबंध आहे, हे शोधायची गरज दुष्काळाने निर्माण केली. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावर बोट ठेवलं. वसंतात तिथे बर्फ जास्त, तर पुढे मैदानात पाऊस कमी. त्या आधारावर 1886 पासून अंदाज द्यायला सुरुवात झाली. त्यांच्यानंतरच्या जॉन एलियट यांनी 1899 साली चांगल्या पावसाचं भाकीत केलं. आला तो गुजरात-राजस्थानात आजही 'छप्पनिया' म्हणून आठवला जाणारा दुष्काळ.

1904 मध्ये खात्याची सूत्रं गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हे केंब्रिजचे गणिती. बूमरँग कसं फिरून येतं याच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध, पण हवामानाचा अनुभव जवळजवळ शून्य. बहुधा म्हणूनच ते कुठल्या सिद्धांतात अडकले नाहीत. त्यांनी जगभरच्या वेधशाळांतले आकडे मागवले आणि शिमल्यातल्या कचेरीतल्या कारकुनांना कामाला लावलं. एका रकान्यात दूरच्या कुठल्यातरी गावचा हवेचा दाब, दुसऱ्यात काही महिन्यांनंतरचा भारतातला पाऊस, आणि दोन्हींचा सहसंबंध किती ते हाताने काढायचं. यंत्रगणक नव्हताच. त्यांच्या सूत्रात हिमालयातल्या बर्फाबरोबर मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब, झांजिबारचा पाऊस असं काय काय शिरलं.

त्यातून पावसाचं हुकमी सूत्र काही मिळालं नाही. मिळालं ते वेगळंच. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागर, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया या बाजूला तो उतरतो, आणि उलटही. वॉकर यांनी याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. कारण सांगता येत नव्हतं, त्यामुळे अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. 1969 साली याकोब ब्यर्कनेस यांनी हा दाबाचा खेळ पेरूच्या कोळ्यांना ठाऊक असलेल्या, नाताळच्या सुमारास येणाऱ्या एल निनोशी जोडला.

एरवी व्यापारी वारे प्रशांतातलं कोमट पाणी पश्चिमेला इंडोनेशियाकडे लोटतात. तिथे हवा तापून वर चढते, ढग होतात, आणि वर चढलेली हवा पेरूच्या थंड समुद्रावर खाली बसते. वारे मंदावले की कोमट पाणी पूर्वेला सरकतं, हाच एल निनो; त्यामागोमाग हवा वर चढण्याची जागाही सरकते. मग इंडोनेशिया आणि भारताच्या बाजूला हवा खाली उतरू लागते. उतरणारी हवा ढगांना उंच वाढू देत नाही. 1972 च्या एल निनोत पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही मासळी घटली (बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता), आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पोरं सुकडीवर जगत होती.

मग 1997 चं काय? तापलेलं पाणी नेमकं कुठे आहे, हे महत्त्वाचं असतं. ते पेरूजवळ असलं तर आपल्याला धोका कमी. मध्य प्रशांतात असलं तर जास्त, असं के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं. दुसरं म्हणजे आपलं अंगण. 1999 साली एन. एच. साजी आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागरातल्या 'डायपोल'चं वर्णन केलं : कधी आफ्रिकेकडचं पाणी तापतं, सुमात्राकडचं थंड होतं, तर कधी उलट. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर पाण्यापेक्षा विषुववृत्तावरच्या ढगांकडे लक्ष वेधलं. ढगांची गर्दी आफ्रिकेच्या बाजूला असेल तर आपल्या पावसाला बळ, सुमात्राच्या बाजूला असेल तर मार. 1997 मध्ये ती अनुकूल होती, 2002 मध्ये प्रतिकूल. प्रशांत आणि हिंदी महासागर दोन्ही एकत्र पाहिले तर टोकाच्या वर्षांचा बराच उलगडा होतो. माझ्या मते एप्रिलच्या मथळ्यात हेच गाळलं जातं.

वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने 1988 पासून वापरात आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपालाही 2002 ची तूट दिसली नाही. पुढच्याच वर्षी ते बदललं. आता समुद्र आणि वातावरण एकत्र धरून संगणकावर गणितं होतात, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ('आयआयटीएम') त्यात मोठी भूमिका. तरी हंगामाचा आकडा आणि शेतातला पाऊस यांत अंतर राहतंच. 2023 मध्ये, एल निनोच्या वर्षी, ऑगस्टने 36 टक्के तूट दिली. 1901 पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरने हात दिला आणि हंगाम 94 टक्क्यांवर थांबला. कागदावर तूट फक्त सहा टक्के. ज्याचं सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात करपलं, त्याला ही सरासरी सांगून पाहा.

वॉकर यांच्यानंतर काही वर्षांनी खात्याचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी पुढे एक गंमत नोंदवली. भारतातल्या पावसाचं नातं आधीच्या घडामोडींपेक्षा नंतरच्या घडामोडींशी अधिक घट्ट दिसतं. म्हणजे दूरची हवा पाहून आपला पाऊस सांगण्यापेक्षा, आपला पाऊस पाहून दूरची हवा सांगणं सोपं!