टायर बसला, पण भार पेलेल का?

शाळेच्या जुन्या व्हॅनचे मागचे टायर झिजले आहेत. दुकानदार तेवढ्याच रुंदीचे, मोटारीसाठी बनवलेले टायर स्वस्तात दाखवतो. ते रिमवर नीट बसतात, रिकामी व्हॅन सुरळीत धावते. मग अडचण कोठे आहे? ती टायरच्या कडेवर छापलेली असते.

दोन टायर घेऊ. एकावर '१९५/७० आर १४ ९१ टी' असे आहे; दुसऱ्यावर '१९५ आर १४ सी १०६/१०४ आर'. १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास, दोन्हींत सारखेच. 'सी' ही व्यापारी वाहनांच्या टायरची खूण आहे. शेवटचे अक्षर वेगमर्यादा दाखवते. आपल्या कामाचे आकडे ९१ आणि १०६. त्यांना भारांक म्हणू. (१०४ हा जोडचाकांसाठी असतो.)

भारांक ९१ म्हणजे ६१५ किलोग्रॅम, तर १०६ म्हणजे ९५० किलोग्रॅम. अंक १६ टक्क्यांनी वाढला, क्षमता मात्र ५४ टक्क्यांनी! कारण भारांकानुसार क्षमता भूमिती श्रेढीने वाढते. भारांक ८० ला ४५० किलोग्रॅम, १०४ ला ९००. म्हणजे दर २४ अंकांना क्षमता दुप्पट होते. आवाजाच्या डेसिबल पट्टीसारखाच हा प्रकार आहे.

समजा, व्हॅनच्या मागच्या आसावर जास्तीत जास्त १५०० किलोग्रॅम भार येतो. प्रत्येक चाकावर ७५० किलोग्रॅम आले. ९१ भारांकाचा टायर येथे अपुरा आहे. १०६ चा पुरेसा आहे. रिकाम्या व्हॅनमध्ये ही चूक लपून राहते आणि नेमकी सहलीच्या दिवशी, गाडी मुलांनी भरल्यावर, उघडी पडते.

असे का होते? टायरवरील बहुतेक भार आतील हवा पेलते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम असेल, तर ६०० किलोग्रॅम पेलण्यासाठी टायरचा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो. भार वाढला किंवा हवा कमी झाली, की टायर अधिक चपटा होतो आणि त्याची कड अधिक वाकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती मिनिटाला सुमारे ५०० वेळा वाकते. वाकवताना खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भागाची उष्णता होते. ती बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठू लागली, की रबर आणि आतील धागे यांची पकड सुटते. मग टायर फुटतो.

'मग हवा जास्त भरू' असे कोणी म्हणेल. पण मोटारीच्या टायरचे धागे ठरावीक दाबापुरतेच बनवलेले असतात. त्यापुढे हवा भरून क्षमता वाढत नाही. उलट, १०६ भारांकाचा टायरही उत्पादकाने सांगितलेल्या दाबालाच ९५० किलोग्रॅम पेलतो. मोटारीइतकीच हवा भरली, तर तोही अपुरा ठरेल.

म्हणून टायर घेण्यापूर्वी व्हॅनवरील पाटीत आसावरील कमाल भार पाहावा. पाटी पुसट झाली असेल, तर पूर्ण भरलेल्या व्हॅनची फक्त मागची चाके वजनकाट्यावर घेऊन वजन करावे. त्याच्या निम्म्याहून टायरची क्षमता बरीच जास्त असावी. कडेवरील चार अंकही वाचावेत: '३५२१' म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. न वापरलेले रबरही हवेतील ऑक्सिजनमुळे कडक होत जाते.

विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम: भार = ४५ × १०^(भारांक ÷ ८०) हे सूत्र वापरून ८० ते ११० पर्यंतचा आलेख काढा. नंतर शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या वाहनांच्या टायरवरील भारांक त्यावर शोधा.