रबिंग कंपाउंड

रबिंग कंपाउंड हे मोटारीच्या रंगावरील बारीक ओरखडे व वलयाकार चरे काढण्यासाठी वापरले जाणारे अपघर्षक मिश्रण आहे. त्यात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. ते चरा बुजवत नाही, तर सभोवतालचा थर झिजवून चऱ्याच्या तळाशी समपातळीत आणते.

आधुनिक मोटारींत रंगावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रोमीटर असते. अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण हाच थर करतो आणि झिजल्यावर तो भरून येत नाही. त्यामुळे वारंवार रबिंग करणे हानिकारक ठरते. नखाला अडकणारा चरा सहसा कंपाउंडने जात नाही.

'वलयाकार' चरे प्रत्यक्षात सर्व दिशांना पसरलेले असतात. मात्र प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वलये भासतात. धुळीने माखलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणे, ही भारतात सर्रास आढळणारी सवय, त्यांचे एक प्रमुख कारण आहे.

गाडी स्वच्छ धुऊन, सावलीत, पत्रा थंड असताना आणि सर्वांत सौम्य कंपाउंडपासून सुरुवात करणे श्रेयस्कर मानले जाते. यंत्राच्या घर्षणाने उष्णता निर्माण होते. कडांवर थर पातळ असल्याने तेथे रंग उघडा पडण्याचा धोका अधिक. काही कंपाउंडांतील तेले उरलेले चरे तात्पुरते झाकतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून खरा परिणाम तपासला जातो व त्यानंतरच मेण लावले जाते.