जुनी पेठ कोण जगवते?

ठाण्याकडून काशेलीचा पूल ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागले की काल्हेर येते. दोन्ही बाजूंना गोदामे, फर्निचरची दुकाने, नव्या सोसायट्या आणि डोक्यावर मेट्रो ५ ची मार्गिका. व्यापार असा हमरस्त्यालगत सरकला की गावातल्या जुन्या पेठेचे काय करायचे, हा प्रश्न भिवंडीपुरता नाही. मुंबईच्या फोर्ट भागाला तो आधीच पडला होता. तिथल्या दुकानदारांनी, रहिवाशांनी आणि कलाप्रेमींनी शोधलेली उत्तरे आपल्यालाही उपयोगी पडणारी आहेत.

फोर्टला उतरती कळा का लागली?

१८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेतून हॉर्नबी रोड रुंद झाला. तोच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंतच्या या रस्त्यावर बँका, पेढ्या, छापखाने आणि दुकाने आली. इमारतींच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानदार पडव्या ठेवायच्या, असा नियमच १८९६ मध्ये झाला. त्यामुळे ऊन-पावसात गिऱ्हाईक सावलीतून दुकाने बघत चालू शकत असे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण घरमालकांना दुरुस्ती परवडेना. दुसरे म्हणजे मोठी कार्यालये आधी नरिमन पॉइंटला आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. मागे राहिलेल्या इमारतींवर पाट्यांचे थर चढले आणि कोरीव दगड त्यांच्याआड गेला.

दादाभाई नौरोजी मार्ग: सुरुवात पाट्यांपासून

१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. मात्र एखादी इमारत वारसा यादीत आली म्हणजे तिच्यासमोरचा रस्ता सुधारतो असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या संपूर्ण रस्त्याचा अभ्यास केला. त्यामागे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) वारसा संवर्धन सोसायटीचे पाठबळ होते.

उपाय साधा होता. पाटी कमानीच्या आत, ठरलेल्या जागी आणि मापात लावायची. वरच्या मजल्यांचा दर्शनी भाग मोकळा ठेवायचा. दिवे, बाके आणि पदपथ रस्त्याच्या जुन्या रूपाला शोभतील असे करायचे. हे नुसत्या नोटिशीने होणारे नव्हते. आपली पाटी लहान झाली तर धंदा बसेल, ही दुकानदाराची भीती खरी असते. म्हणून त्याच्याशी बोलावे लागले, आणि शेजाऱ्याचीही पाटी त्याच मापाची असेल, ही खात्री द्यावी लागली. याच कामातून व्यापारी व रहिवाशांची ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ उभी राहिली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला.

काळा घोडा: लोकांना पुन्हा पेठेत आणणे

जहांगीर आर्ट गॅलरी, वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय हे सारे काळा घोडा परिसरात हाकेच्या अंतरावर आहे. इथे १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून कला महोत्सव सुरू झाला. वर्षातले नऊ दिवस चित्रे, नाटक, संगीत, साहित्य, वारसा-फेऱ्या, आणि प्रवेश विनामूल्य. प्रायोजकांकडून उभ्या राहिलेल्या निधीतून परिसराच्या जतनाची कामे होत गेली.

ज्या पुतळ्यावरून परिसराला नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून पुढे भायखळ्याच्या राणीबागेत ठेवला गेला. २०१७ मध्ये असोसिएशनने मूळ परिसरात नवा काळा घोडा उभारला, स्वाराविना.

जिथे हे प्रयत्न थिटे पडले

याच परिसरात एस्प्लनेड मॅन्शन आहे, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा इथे दाखवले गेले. एवढा इतिहास असूनही इमारत मोडकळीस आली आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्याची वेळ आली. मालक, भाडेकरू आणि दुरुस्तीचा खर्च हा गुंता उत्सवाने सुटत नाही. त्यासाठी कायदा, पैसा आणि चिकाटी तिन्ही लागतात.

फेरीवाल्यांचेही तसेच. त्यांना हाकलून पेठ सुंदर करणे हा अन्याय आहे, आणि तो टिकतही नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. सुधारणेची बैठक तिथूनच सुरू व्हायला हवी.

पैसा कुठून येतो?

कॅनडात टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात १९७० मध्ये व्यापाऱ्यांनी एक पद्धत सुरू केली. हद्द ठरवायची, त्या हद्दीतल्या प्रत्येक व्यवसायाकडून पालिकेमार्फत ठरावीक आकार घ्यायचा आणि तो पैसा त्याच पेठेवर खर्च करायचा. नंतर जगभर ही पद्धत पसरली. एकट्यादुकट्याच्या वर्गणीवर दिवे वर्षभर पेटत नाहीत. सगळे भरतात तेव्हा सफाई, दिवे आणि देखभाल नियमित होते.

भिवंडी आणि काल्हेरसाठी

भिवंडीभोवतालच्या गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे आहे, म्हणजे ज्या यंत्रणेच्या पाठबळाने दादाभाई नौरोजी मार्गाचा अभ्यास झाला, तिच्याकडेच. मेट्रो सुरू झाली की स्थानकाभोवती पायी चालणारे गिऱ्हाईक वाढेल. त्याआधी करण्यासारखी कामे अशी:

- पेठेतल्या दुकानांची, जुन्या इमारतींची, मालक-भाडेकरूंची आणि हातगाड्यांची नोंद करणे.
- दुकानदार, रहिवासी, विक्रेते आणि ग्रामपंचायत किंवा महापालिका यांची एकच समिती नेमणे.
- एका लहान पट्ट्यात पाट्या, पदपथ आणि माल उतरवण्याच्या वेळा ठरवून त्या पाळून दाखवणे.
- वर्षातून एकदा तरी वाहने बंद ठेवून पेठेचा उत्सव भरवणे.

यातल्या एकाही कामासाठी मोठ्या निविदेची वाट बघावी लागत नाही. फोर्टमध्ये सरकारी पाठबळ होते, तज्ज्ञ होते. तरी पाटी उतरवायला शेवटी दुकानदारच शिडीवर चढला पाहिजे. ज्या पेठेतली माणसे एकत्र बसून एक नियम ठरवतात आणि तो पाळतात, तीच पेठ पुढच्या पिढीच्या हाती देता येते.